सिगारेट ‘चालते’ कोणाला? किशोरवयीनांच्या नजरेतील धूम्रपानाची सामाजिक अस्वीकार्यता मोजण्याची पद्धत

‘सिगारेट ओढणे वाईट आहे असे तुला वाटते का?’ हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलामुलींसमोर ठेवला, तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील आणि विचारणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. ‘वाईट’ या एका शब्दात प्रकृतीला अपायकारक, नीतीच्या दृष्टीने गैर, किळसवाणे, नियमबाह्य आणि ‘घरी कळले तर काही खरे नाही’ असे पाच अर्थ एकत्र नांदतात. त्यांपैकी कोणत्या अर्थाला होकार मिळाला हे उत्तरावरून ओळखता येत नाही. सामाजिक अस्वीकार्यता म्हणजे यांतला नेमका एक धागा आहे: हे कृत्य भोवतालच्या माणसांना खपत नाही, केले तर ती नावे ठेवतील, अशी किशोरवयीनाची समजूत. ही समजूत खरी असेलच असे नाही, आणि ती खरी आहे की नाही हे मोजायचेही नसते. मोजायची असते ती समजूतच. पुढील पायऱ्या प्रश्नावलीच्या स्वरूपातील मोजपट्टी नव्याने तयार करणाऱ्यांसाठी आहेत. तयार मोजपट्टी वापरणाऱ्यांनाही तिची पारख करण्यासाठी त्या उपयोगी पडतील.

पहिली पायरी: तीन गोष्टी वेगळ्या करणे

सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सामाजिक मानदंडांचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले. लोक प्रत्यक्षात काय करतात याबद्दलची समजूत हा वर्णनात्मक मानदंड, आणि लोकांना काय पसंत किंवा नापसंत आहे याबद्दलची समजूत हा आदेशात्मक मानदंड. ‘तुझ्या वयाच्या दहा जणांपैकी किती जण सिगारेट ओढत असतील?’ हा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. ‘तू सिगारेट ओढलीस तर तुझ्या जवळच्या मित्रमैत्रिणींना कसे वाटेल?’ हा दुसऱ्या प्रकारचा आहे. अस्वीकार्यता दुसऱ्या प्रकारात मोडते. यात तिसरी गोष्ट मिसळते ती स्वतःच्या मताची: ‘माझ्या वयाच्या कोणी सिगारेट ओढणे मला स्वतःला मान्य नाही.’

या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण त्या एक नव्हेत. एखाद्या मुलीला वाटू शकते की वर्गातले बरेच जण सिगारेट ओढतात, तिला स्वतःला ते अजिबात पटत नाही, आणि तरीही ‘बाकीच्यांना यात काही गैर वाटत नाही’ अशी तिची ठाम समजूत असते. प्रत्येक जण मनातून नापसंती बाळगतो, पण इतरांना चालते असे गृहीत धरून गप्प बसतो, या स्थितीला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. तिन्ही प्रश्न एकाच गुणांकात मिसळले, तर ही स्थिती दिसण्याची शक्यताच संपते. म्हणून तीन स्वतंत्र गट आखावेत आणि अस्वीकार्यतेच्या गुणांकात केवळ आदेशात्मक मानदंडाची विधाने घ्यावीत. स्वतःचे मत आणि प्रमाणाचा अंदाज शेजारी ठेवावेत, बेरजेत नव्हे.

जुन्या, मोठ्या सर्वेक्षणांकडे याच नजरेने पाहावे. अमेरिकेत १९७५ पासून चालू असलेल्या ‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ या सर्वेक्षणात, अठरा किंवा त्याहून अधिक वयाच्या लोकांनी दिवसाला एक वा अधिक पाकिटे सिगारेट ओढणे तुम्हाला नापसंत आहे का, असे विचारले जाते. हा प्रश्न उत्तम आहे, दशकानुदशके तुलना करता येते, पण तो उत्तर देणाऱ्याचे स्वतःचे मत मोजतो. तेही प्रौढांबद्दलचे आणि जबर सवयीबद्दलचे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या, १३ ते १५ वर्षांच्या मुलांवर भर देणाऱ्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या प्रश्नावलीत सिगारेट ओढणाऱ्या मुलांना मित्र जास्त असतात की कमी, असा प्रश्न होता. तोही सामाजिकच आहे, पण त्यातून कळते ती प्रतिष्ठा. एखाद्याला मित्र भरपूर असतील आणि तरीही त्याचे सिगारेट ओढणे कोणाला पसंत नसेल, हे सहज शक्य आहे.

दुसरी पायरी: कोणाच्या नजरेत, कोणाचे ओढणे, कोठे

माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत निर्णायक टप्पा हाच आहे, आणि नेमका याच टप्प्यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो. ‘समाजाला धूम्रपान मान्य नाही’ या विधानात समाज कोणता? किशोरवयीनाच्या डोळ्यांसमोर ‘समाज’ म्हटल्यावर शेजारचे काका येतात की वर्गातील मागच्या बाकावरची टोळी, यावर उत्तर पूर्ण बदलते. म्हणून प्रत्येक विधानात तीन जागा भरलेल्या असाव्यात: नापसंती दाखवणारा कोण, सिगारेट ओढणारा कोण आणि प्रसंग कोणता.

नापसंती दाखवणाऱ्यांत किमान चार मंडळे धरावीत: आई-वडील किंवा सांभाळणारी माणसे, जवळचे मित्र, वर्गातील किंवा वयाचे इतर, आणि ओळखीपाळखीची मोठी माणसे. भावंडांचा, विशेषतः थोरल्या भावंडांचा, प्रभाव अनेकदा आई-वडिलांपेक्षा निराळ्या दिशेने जातो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे विधान ठेवावे. ओढणाऱ्यांत ‘मी’, ‘माझ्या वयाचा मुलगा’, ‘माझ्या वयाची मुलगी’ आणि ‘प्रौढ माणूस’ हे भेद महत्त्वाचे आहेत. मुलाने ओढली तर हसण्यावारी नेले जाते आणि मुलीने ओढली तर बोभाटा होतो, असे उत्तर देणाऱ्यांना वाटत असेल, तर केवळ ‘विद्यार्थी’ हा शब्द वापरून तो फरक आपण पुसून टाकतो. प्रसंगांत घरात, मित्रांच्या घोळक्यात, लहान मुलांसमोर आणि एकट्याने ओढणे असे भेद करता येतील.

चार मंडळे, चार प्रकारचे ओढणारे आणि चार प्रसंग यांचा गुणाकार ६४ होतो. एवढी विधाने कोणीही मन लावून भरणार नाही. संशोधनाच्या प्रश्नाला ज्या जोड्या लागतात तेवढ्याच निवडाव्यात आणि उरलेल्या का सोडल्या हे टिपणात लिहून ठेवावे.

तिसरी पायरी: मुलांचे शब्द ऐकणे

विधाने टेबलावर बसून लिहिण्यापूर्वी सहा ते आठ जणांच्या गटांशी बोलावे. मुले आणि मुली, धाकटे आणि मोठे यांचे गट शक्यतो वेगळे ठेवावेत. ‘तुम्ही ओढता का?’ असे गटात विचारू नये. ‘तुमच्या वयाच्या कोणाला सिगारेट ओढताना पाहिले तर आजूबाजूचे काय करतात?’ असे विचारावे. येथे मराठीचा फायदा होतो, कारण नापसंतीच्या पायऱ्या बोलीत आधीच तयार आहेत: ‘त्यात काय एवढं’, ‘चालतं’, ‘खपवून घेतात’, ‘नाक मुरडतात’, ‘नावं ठेवतात’, ‘टोकतात’, ‘बोलणं टाकतात’. या शब्दांत सौम्य ते तीव्र असा चढता क्रम आहे, आणि चांगल्या मोजपट्टीला असा क्रमच हवा असतो. मुलांनी ‘लपवतात’ हा शब्द वापरला तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. ज्याच्यापासून लपवावेसे वाटते त्याच्या नजरेत ते कृत्य अस्वीकार्य आहे, ही खूण थेट मताच्या प्रश्नापेक्षा अनेकदा जास्त प्रामाणिक असते.

चौथी पायरी: विधाने लिहिणे

अंतिम मोजपट्टीत बारा विधाने हवी असतील तर तीसेक लिहावीत. नमुन्यादाखल काही पाहू. ‘मी सिगारेट ओढतो किंवा ओढते असे कळले, तर माझे जवळचे मित्र मला टोकतील.’ ‘माझ्या वयाच्या मुलीने मित्रांसमोर सिगारेट ओढली, तर वर्गातील बहुतेक जण तिला नावे ठेवतील.’ ‘सिगारेट ओढली असेल, तर मला ते थोरल्या भावंडांपासून लपवावे लागेल.’ प्रत्येकात एकच कृत्य आणि एकच प्रतिक्रिया आहे. ‘मित्र नाराज होतील आणि माझ्याशी बोलणार नाहीत’ असे लिहिले, तर मित्र नाराज होतील पण बोलतील असे वाटणाऱ्याने काय उत्तर द्यावे?

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे नकारावर नकार. ‘सिगारेट ओढणे माझ्या मित्रांना गैर वाटत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ होण्यासाठी मनात दोन उलट्या उड्या माराव्या लागतात, आणि बारा-तेरा वर्षांची अनेक मुले त्यात घसरतात. सगळीच विधाने एका दिशेची असली तर डोळे झाकून ‘सहमत’वर खुणा करणारे ओळखता येत नाहीत, हे खरे आहे; त्यासाठी दोन-तीन विधाने उलट दिशेची पण होकारार्थी ठेवावीत: ‘मी सिगारेट ओढली तरी माझ्या मित्रांना ते चालेल.’

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. सगळी विधाने इतकी सोपी लिहिली जातात की जवळजवळ सर्वांचे गुण वरच्या टोकाला साठतात. ‘मी रोज सिगारेट ओढली तर आई-वडील रागावतील’ याला क्वचितच कोणी नकार देईल, आणि ज्या विधानावर सर्वांचे एकमत होते ते माणसामाणसातला फरक मोजू शकत नाही. पंधरा टक्क्यांहून अधिक उत्तरदाते सर्वोच्च गुणावर असतील, तर मोजपट्टी वरच्या टोकाला आंधळी झाली असे सामान्यतः मानले जाते. यावर उपाय म्हणजे अवघड विधाने, जिथे नापसंती टाळायला सबब काढता येते अशी: ‘कोणी फक्त कधीतरी, मित्रांबरोबर असतानाच सिगारेट ओढत असेल, तरीही माझ्या मित्रांना ते आवडणार नाही’, ‘परीक्षेच्या ताणात कोणी एकदाच ओढली, तरीही वर्गातील मुले नावे ठेवतील.’ खरा फरक अशाच कडेच्या प्रसंगांत दिसतो. धूम्रपानाकडे झुकू लागलेला मुलगा रोजच्या सवयीला नव्हे, तर ‘कधीतरी’ला सूट देतो.

पाचवी पायरी: उत्तरांचे पर्याय

‘अजिबात नाही’ ते ‘नक्कीच’ असे चार किंवा पाच पर्याय पुरेसे आहेत आणि प्रत्येकाला शब्द द्यावा, नुसते आकडे नकोत. मधला पर्याय ठेवायचा की नाही यावर मतभेद आहेत. माझे मत असे की इतरांच्या मनातले विचारताना ‘मला सांगता येत नाही’ हे प्रामाणिक उत्तर असू शकते, म्हणून ते मध्ये न ठेवता रांगेच्या शेवटी वेगळे ठेवावे आणि गुण देताना ते रिकामे धरावे. मध्ये ठेवले तर ‘माहीत नाही’ आणि ‘थोडे चालेल, थोडे नाही’ या दोन भिन्न गोष्टींना तोच गुण मिळतो.

सहावी पायरी: पारख

मसुदा आधी विषयाचे, मापनाचे आणि किशोरवयीनांसोबत काम करणारे अशा सहा-आठ जाणकारांना दाखवावा व प्रत्येक विधान किती समर्पक आहे हे चार पातळ्यांवर ठरवायला सांगावे. वरच्या दोन पातळ्या देणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ पेक्षा कमी असलेली विधाने सुधारावीत किंवा काढावीत. मात्र जाणकारांनी वाखाणलेले विधान मुलांना कळेलच असे नाही. दहा-पंधरा मुलामुलींना एकेकटे बसवून, विधान मोठ्याने वाचून, उत्तर देताना मनात काय आले ते बोलायला सांगावे. ‘वर्गातील बहुतेक जण’ म्हणताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण आले? ‘जवळचे मित्र’ म्हणजे किती जण? अशा पाठप्रश्नांनी जे उघड होते ते कोणत्याही संख्याशास्त्रीय चाचणीत दिसत नाही. मोजपट्टी दुसऱ्या भाषेतून आणत असाल, तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावे, तिसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत न्यावे आणि मग ही मुलाखतीची फेरी पुन्हा घ्यावी. नापसंतीच्या छटा कोशातील प्रतिशब्दांनी जुळत नाहीत.

सातवी पायरी: प्रत्यक्ष भरून घेणे

कोणी सिगारेट ओढल्याचे सांगितले तर त्याची लाळेतील कोटिनीनवरून (शरीरात निकोटीनपासून तयार होणाऱ्या पदार्थावरून) पडताळणी करता येते, तीही गेल्या काही दिवसांपुरतीच, कारण कोटिनीनचे अर्धायुष्य (त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे १६ ते २० तास असते. समजुतीची तर अशी कोणतीच तपासणी नाही. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला निर्धास्त वाटणे हाच एकमेव आधार उरतो. पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार दोन्ही घ्यावेत, नकार देणाऱ्याला त्याच खोलीत दुसरे काही वाचायला द्यावे म्हणजे तो उठून दिसणार नाही. शिक्षकांनी खोलीबाहेर थांबावे, बाकांमध्ये अंतर असावे, कागदावर नाव नसावे आणि भरलेली प्रश्नावली प्रत्येकाने स्वतः पेटीत टाकावी. घरी भरायला दिलेली प्रश्नावली आई-वडिलांच्या नजरेखाली भरली जाते. तिथे पालकांच्या नापसंतीचे विधान विचारणे जवळजवळ निरर्थक आहे.

क्रमालाही वजन असते. स्वतःच्या धूम्रपानाचे प्रश्न (कधी तरी ओढली आहे का, गेल्या ३० दिवसांत किती दिवस ओढली) शेवटी ठेवावेत, नाहीतर दिलेल्या कबुलीला साजेशी उत्तरे पुढे येतात. स्वतःचे मत आणि इतरांचे मत यांपैकी जे आधी विचारू ते नंतरच्यावर रंग चढवते, म्हणून प्रश्नावलीच्या दोन आवृत्त्या करून निम्म्यांना उलट क्रम द्यावा.

नमुना शाळांतून घेताना एक हिशेब विसरला जातो. एका वर्गातील मुलांच्या समजुती एकमेकांसारख्या असतात, म्हणून तीस मुलांचा एक वर्ग तीस स्वतंत्र उत्तरांएवढी माहिती देत नाही. वर्गांतर्गत सहसंबंध (एका वर्गातील उत्तरे एकमेकांसारखी असण्याचे माप) ०.०२ इतका कमी धरला तरी वाढीचा गुणक १ + (३० − १) × ०.०२ म्हणजे १.५८ येतो. साध्या यादृच्छिक नमुन्यात ६०० मुले पुरली असती, तर इथे सुमारे ९५० लागतील. मानदंड हा विषयच गटात घडणारा असल्यामुळे सहसंबंध याहून जास्त निघाला तर आश्चर्य वाटू नये.

आठवी पायरी: गुण आणि त्यांची विश्वसनीयता

उलट विधानांचे गुण फिरवावेत आणि बेरजेऐवजी सरासरी घ्यावी, म्हणजे एखादे उत्तर राहिले तरी तुलना बिघडत नाही. मात्र एक-चतुर्थांशाहून जास्त विधाने अनुत्तरित असतील तर गुण देऊ नये. सर्व मंडळांचा एकच गुणांक काढण्याची घाई नको. पालकांची नापसंती आणि मित्रांची नापसंती हे दोन स्वतंत्र घटक आहेत की एक, हे घटक विश्लेषणाने, म्हणजे कोणत्या विधानांची उत्तरे एकत्र चालतात हे शोधणाऱ्या पद्धतीने, पाहावे. नमुन्याचे दोन भाग करून एका भागावर रचना शोधावी व दुसऱ्यावर ती तपासावी. उत्तरे पायऱ्यांची असल्याने पॉलिकोरिक सहसंबंध (क्रमवार पर्यायांसाठीचे सहसंबंधाचे माप) वापरणे योग्य ठरते. उलट विधाने आपोआप वेगळा गट करताना दिसली, तर तो नवा मानसिक घटक समजू नये. बहुधा तो शब्दरचनेचा परिणाम असतो.

क्रोनबाखचा अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप) प्रत्येक उपगटासाठी वेगळा द्यावा. तो ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानू नये, कारण तेच विधान शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारले गेल्याची ती खूण असते. दोन आठवड्यांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घेऊन स्थैर्य तपासावे. निनावीपणा राखून दोन्ही कागद जुळवण्यासाठी मुलांनीच स्वतःचा संकेत बनवावा: आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतील दिवस, थोरल्या भावंडांची संख्या. काही संकेत जुळणार नाहीत, हे धरूनच सुरुवातीला थोडी जास्त मुले घ्यावीत.

एका विद्यार्थ्याबद्दल निष्कर्ष काढण्याचा मोह शाळांना होतो. प्रमाण विचलन ०.७ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी ०.७ × √०.१६ म्हणजे ०.२८ येते, म्हणजे पाच पायऱ्यांच्या पट्टीवर एका मुलाचा गुण दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे जवळपास अर्ध्या पायरीने हलू शकतो. ही मोजपट्टी गटांच्या तुलनेसाठी आहे, एकेकाला हेरण्यासाठी नव्हे.

नववी पायरी: सप्रमाणता आणि अर्थ लावणे

सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे तेच मोजपट्टी मोजते का. त्यासाठी कधीही न ओढलेले, एकदा करून पाहिलेले आणि नियमित ओढणारे या तीन गटांचे गुण अपेक्षित क्रमाने उतरतात का, हे आधी पाहावे. पण याच कसोटीवर थांबू नये. ओढणारी मुले इतरही आपल्यासारखेच आहेत असे मानतात. लोकांना आपले वर्तन सर्वसाधारण वाटते हा परिणाम १९७७ पासून संशोधनात परिचित आहे. म्हणजे कमी अस्वीकार्यतेमुळे ते ओढू लागले की ओढू लागल्यावर त्यांची समजूत सैल झाली, हे एकाच वेळच्या सर्वेक्षणातून कळत नाही. शिवाय सिगारेट खपवून घेणारे मित्र त्यांनी स्वतःच निवडलेले असू शकतात. त्यामुळे ज्यांनी अजून ओढलेली नाही अशांचे गुण आज घेऊन वर्षभराने कोण ओढू लागले ते पाहणे हीच खरी परीक्षा आहे.

मुले व मुली किंवा धाकटे व मोठे यांच्या सरासरीची तुलना करण्याआधी मोजपट्टी दोन्हीकडे सारखीच चालते का, हे तपासावे: आधी तीच रचना, मग तेच भार (विधानाचा घटकाशी किती घट्ट संबंध आहे), मग तेच आरंभबिंदू (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण). प्रत्येक टप्प्यावर सीएफआय (रचना आकड्यांना किती चपखल बसते याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबून कोणते विधान गडबड करते ते शोधावे. ‘मला ते लपवावे लागेल’ हे विधान मुलींसाठी नापसंतीबरोबर शिक्षेची भीतीही मोजत असेल, तर सरासरीतला फरक अस्वीकार्यतेचा नसून त्या भीतीचा ठरेल.

अहवालात एकच सरासरी न देता मंडळनिहाय गुण द्यावेत, आणि शक्य तिथे ‘स्वतःला मान्य नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ‘बहुतेकांना मान्य नाही असे वाटते’ म्हणणाऱ्यांच्या प्रमाणाशेजारी मांडावे. या दोहोंतील अंतर धोरण आखणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडते. मुलांना परत माहिती देताना मात्र ‘इतके जण ओढतात’ हा आकडा एकटा देऊ नये. ज्यांचा अंदाज त्याहून कमी होता त्यांना तो परवानगीसारखा वाटू शकतो. गुण जास्त म्हणजे सर्व चांगले, असेही नाही. नापसंती कृत्याची आहे की माणसाची, हे ‘त्याच्याशी कोणी मैत्री करणार नाही’ यासारख्या विधानांतून कळते. ती वेगळी मोजावीत, कारण ज्याला आपण टाकले गेलो असे वाटते तो सोडण्यासाठी मदत मागायलाही पुढे येत नाही.

दरवर्षी मोजायचे असेल तर विधानांचे शब्द, पर्याय आणि क्रम बदलू नयेत, एखादे वाक्य कानाला कितीही खटकले तरी. बदल अटळच झाला तर त्या एका वर्षी निम्म्या वर्गांना जुनी आणि निम्म्यांना नवी प्रश्नावली चिठ्ठ्या टाकून द्यावी. दोहोंच्या सरासरीत जो फरक येईल तेवढा भाग शब्दांचा धरून मागच्या वर्षांच्या आकड्यांशी सांधा जुळवावा.